अप्पांच्या यंत्रातली शेवटची फाइल

अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, जुना कॉम्प्युटर मांडीवर मावेल एवढाच. समोर कळा, त्यांच्यावर आठ ओळींचा करडा पडदा, पोटात चार पेन्सिल सेल. चेन्नईतल्या गिंडीच्या कारखान्यात ते यंत्रांची देखभाल करायचे, तिथे साहेबांनी नवा घेतल्यावर हा त्यांच्याकडे आला. मी लग्न होऊन पुण्याहून चेन्नईला आले तेव्हा रोज संध्याकाळी ते त्यातच डोकं घालून बसलेले असत. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा रात्री उशिरा येणारा, आणि सासरा माझ्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही. मला त्या यंत्राचा भयंकर राग यायचा.

निवृत्तीनंतरही दर पहिल्या तारखेला ते त्यात नवे सेल घालत राहिले. "अप्पा, देवाच्या दिव्यालासुद्धा एवढ्या नेमानं तेल मिळत नाही," असं मी चिडवायची. ते नुसते हसत.

आता त्यांना फार विसरायला होतं. जेवल्याचं आठवत नाही, नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात. सेलची तारीख तेवढी पक्की. आणि नेमकी आत्ताच त्या यंत्राच्या आतली छोटी बॅटरी मेली. सेल बदलताना लिहिलेलं सगळं धरून ठेवायची ती हीच. दुरुस्तीवाला म्हणाला, "घातलेले सेल संपले की आतलं सगळं पुसलं जाईल. त्याआधी काय हवं ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या."

"जाऊ द्या ना अप्पा. कारखान्याच्या नोंदी आता कोणाला हव्यात?" मी म्हटलं.

"अस्कं त्यांत आहे, मा," ते आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले. अस्कं म्हणजे सगळं. "ते गेलं तर मला कांही सुधरणार नहीं." मी यंत्र उचलून टेबलावर घेतलं.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तेव्हा हा आपल्या हातचा मळ, असं मला वाटलं. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सिरियल केबल आणली, ती माझ्या लॅपटॉपला लावायचा जोडही आणला. दोन दिवस खटपट केली. लॅपटॉपवर एक अक्षर उमटेल तर शपथ! केबलवर चिडले, दुकानदारावर चिडले, आणि दुपारची कॉफी विचारायला आलेल्या नवऱ्यावरही चिडले. अप्पांनी केबलचं टोक हातात घेतलं, त्यातल्या पिनांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोन अन् तीन उलट कर."

दोन्ही यंत्रं एकाच तारेवर बोलत होती, आणि ऐकायला दोघांचे कान दुसऱ्या तारेवर. दोन तारांची अदलाबदल करायची, एवढंच होतं ते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सकाळचं जेवण विसरणाऱ्या माणसाच्या बोटांना हे आठवत होतं. मला लाज वाटली आणि त्यांचा अभिमानही वाटला.

वेग वाढवला की मधली अक्षरं गळत, म्हणून अगदी हळू पाठवायचं ठरलं. पहिली फाइल आली. रोमन अक्षरांत, पण भाषा घरची. प्रत्येक यंत्राची वेगळी फाइल होती. 'तीन नंबरचं यंत्र आवाज करतं. तेल देणें.' 'सात नंबर गरम होतं. दुपारीं अर्धा तास थांबवणें.' अशा दोन फायली उतरल्या आणि त्या जुन्या यंत्रावरचा लाल दिवा लागला. सेल संपत आले होते. यादीत अजून बारा फायली होत्या.

"ती अस्की राहूं दे," अप्पा एकदम म्हणाले. "शेवटची घे. ती एक घे, मा."

शेवटच्या फाइलचं नाव होतं 'सून'. मी पाठवायची कळ दाबली. लॅपटॉपवर एकेक ओळ सावकाश उमटू लागली.

'सून चिंच कमी खाते. वरणांत गूळ घालायला मामीला सांगणें.' मामी म्हणजे तेव्हाच्या आमच्या स्वयंपाकाच्या बाई. वरणात गूळ पडू लागला तेव्हा मला वाटलं होतं, मामींनाच ते सुचलं.

'बुधवारीं पुण्याचं पत्र येतं. आलं नहीं तर पोस्टांत जाऊन विचारणें.'

'ज्वारीचं पीठ कोठ मेळतं, चौकशी करणें.'

'रडली. कारण विचारूं नये. काफी देणें.'

त्यानंतर दोन-तीन ओळी आल्या आणि जुना पडदा विझला. अकरा यंत्रांच्या नोंदी गेल्या. माझी फाइल पूर्ण उतरली होती. ज्या यंत्राचा मी एवढा राग केला, त्यात ते माझ्याचबद्दल लिहीत बसलेले असत. मला हुंदका आवरेना.

अप्पा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. आपण काय करायचं असतं, ते त्यांना सुचत नव्हतं. मग ते लॅपटॉपकडे वाकले, चष्मा वर सरकवला आणि बोट ठेवून ओळी वाचत खाली गेले. एका ओळीशी थांबले. ती त्यांनी दोनदा वाचली.

"सेरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्यांनी काठी घेतली आणि ते हळूहळू स्वयंपाकघराकडे निघाले. काय झालं, असं त्यांनी मला विचारलं नाही.