पुस्तक आल्याचा फोन

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागवलेलं पुस्तक आलं की मागणाऱ्याला कळवायचं काम माझ्याकडे आहे. डिचोली तालुक्यातलं कॉलेज, मी तिथं सहायक ग्रंथपाल. पार्सल उघडायचं, बिल ताडून पाहायचं, पुस्तकावर शिक्का मारायचा, दाखल क्रमांक घालायचा, कण्यावर लेबल चिकटवायचं आणि संगणकात नोंद करायची. नोंद झाली की ज्यानं पुस्तक मागवलं असेल त्याला ई-मेल आपोआप जातो. आपण मागवलेलं पुस्तक उपलब्ध आहे, आठवड्याच्या आत घेऊन जावं, असा त्यातला मजकूर. तिथं माझं काम खरं तर संपतं. तरी मी फोन करते.

आमचे ग्रंथपाल सर एकदा म्हणाले, मेल जातोय ना, मग फोन कशाला? मी म्हटलं, लोक मेल वाचत नाहीत. ते खरंच आहे, पण कारण ते नव्हतं. आई होती तोवर ती माझ्यासोबत डिचोलीतल्या भाड्याच्या घरात राहायची. ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की दारात जाऊन पाव घ्यायचे, तेवढ्यापुरते दोन शब्द. शनिवारी दुपारी ग्रंथालय बंद केलं की सोमवारपर्यंत बहुतेक वेळा तेवढंच. सोमवारी पहिला फोन लावताना माझा आवाज घोगरा यायचा आणि मला आधी खाकरावं लागायचं.

फोनवर लोक फार बोलत नाहीत. 'ओके मॅडम, थँक यू' म्हणतात आणि ठेवतात. कुणी वर्गात असतं, कुणी गाडी चालवत असतं. एखादा मात्र विचारतो, जाड आहे का हो, कव्हर कसं आहे? मग मी पुस्तक हातात घेऊन सांगते. असा फोन झाला की दिवस बरा जातो.

वनस्पतीशास्त्राला एक सर होते. पेडण्याकडचे, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, तासिका तत्त्वावर नेमलेले. दर वर्षी जूनमध्ये त्यांची नेमणूक व्हायची आणि एप्रिलमध्ये संपायची. त्यांनी एका पुस्तकाची मागणी केली होती. कातळसड्यांवर, म्हणजे आपल्याकडे डोंगरमाथ्यावर जो उघडा जांभा दगड असतो त्यावर, पावसाळ्यात जी बारीक झाडं उगवतात त्यांच्याविषयीचं, परदेशात छापलेलं आणि महाग. प्राचार्यांची मंजुरी, समितीची बैठक, असं करत मागणी विक्रेत्याकडे गेली, आणि विक्रेत्यानं कळवलं की पुस्तक सध्या छापून यायचं आहे, थांबावं लागेल.

ते सर रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "इला काय, ताई?" मी मान हलवली की आत येऊन माझ्या मेजासमोरच्या खुर्चीत बसायचे. पुस्तक आलं नाही म्हणून जायचं सोडून ते बसायचे, याचं मला आधी नवल वाटलं, मग सवय झाली. मोबाइलमधले फोटो दाखवायचे. सड्यावर गुडघे टेकून, कधी पालथं पडून काढलेले. सीतेची आसवं म्हणून एक फूल असतं, जांभळं, तांदळाएवढं. मी मूळची इब्रामपूरची. लहानपणी गुरांमागून मी असल्याच सड्यांवरून फिरलेली, पण पायांखाली एवढं काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हटलं तेव्हा ते हसले. म्हणाले, त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नाही, आणि मुलगा सड्यावर पालथा पडतो म्हणून गावात लोक काळजी करतात.

त्या वर्षी त्यांच्या विषयाची कायम जागा भरली. मुलाखतीला तेही होते. निवड मात्र एका मॅडमची झाली, आणि एप्रिलच्या शेवटी ते पुस्तकं परत करायला आले. त्यांच्या नावावर काही बाकी नाही अशी सही मी करून दिली.  ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ताई, ता पुस्तक इला तर माका सांगशात मां?"

"सांगेन," मी म्हटलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत माझ्या मेजासमोरची खुर्ची रिकामी राहिली. पावसाळा गेला, गणपतीची चवथ झाली. चवथीला मी इब्रामपूरला भावाकडे जाऊन आले. लाटंबार्शाच्या बाजूला काजूला मोहर यायला लागला, त्या दिवसांत एक पार्सल आलं, आणि ते पुस्तक त्यात होतं. मी विसरले नव्हते, पण ते येईल असंही आता वाटत नव्हतं. शिक्का मारला, क्रमांक घातला, लेबल लावलं. नोंद करताना संगणकानं दाखवलं की मागणी करणारा सदस्य आता नाही, त्यामुळे मेल जाणार नाही. मी फोन उचलला.

दोन वेळा कुणी घेतला नाही. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज आला. मागं बायकी आवाजात घोषणा चालली होती, कुठल्या तरी विमानाला उशीर होत असल्याची. मी माझं नाव सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. म्हटलं, सर, पुस्तक आलं.

त्यांना समजायला वेळ लागला. मग म्हणाले, "ता? आतां?"

ते मोपाच्या विमानतळावर होते. कुठल्याशा कंत्राटदारामार्फत, प्रवाशांच्या सामानाच्या कामावर. सुट्टीच्या दिवशी येतो म्हणाले. मी पुस्तक शेल्फवर न लावता माझ्या खणात ठेवलं. एक आठवडा गेला, आणखी एक गेला. ग्रंथपाल सर म्हणाले की ते गृहस्थ आता आपले नाहीत, पुस्तक लावून टाका, नव्या मॅडमना उपयोगी पडेल. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी म्हटलं, लावते. आणि ते माझ्या स्वतःच्या नावावर काढून घरी नेलं.

वनस्पतीशास्त्राच्या सरांनी पुन्हा फोन उचलला नाही. मी मेसेज केला, रविवारी पेडण्याला काम आहे, पुस्तक घेऊन तुमच्याकडे येऊ का? मेसेज वाचल्याचं दिसलं. संध्याकाळी उत्तर आलं, दुपारी ड्युटी सुटते, बाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी भेटा. पेडण्याला माझं काहीच काम नव्हतं.

म्हापशाला बस बदलली, पेडण्याला बदलली, शेवटचा टप्पा रिक्षानं गेले. पुस्तक कापडी पिशवीत मांडीवर होतं. मोपाचा सडा मी विमानतळ व्हायच्या आधी पाहिलेला. आता रुंद रस्ता, कडेला लावलेली शोभेची झाडं, आणि टॅक्सीवाले. चहाचा गाडा फाटकाच्या बऱ्याच अलीकडे होता. सर गणवेशात आले, गळ्यात ओळखपत्र. वाळले होते. मी उठून उभी राहिले आणि 'सर' म्हटलं, तर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आता सर नका म्हणू, ताई," ते हळूच म्हणाले.

मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी हात रुमालाला पुसले आणि घेतलं. आधी मागचं पान उघडलं, मग मधलं. मग एकेक पान. चहा आला, निवला.  एका पानावर ते बराच वेळ थांबले. तिथं सीतेच्या आसवांसारखंच एक फूल होतं, रंग थोडा वेगळा. त्यांनी मला दाखवलं आणि सांगू लागले, पाकळीखालचा काटा कसा ओळखायचा, हे आपल्याकडे कुठं मिळतं, कुणी आधी नोंदवलं. बोलता बोलता त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला. मधल्या सुट्टीतला. मग शेजारच्या बाकावर दोन सहकारी येऊन बसले, त्यांनी काय बाबा, परीक्षा देतोस की काय, असं काहीतरी विचारलं, आणि सरांनी पुस्तक मिटलं.

मी म्हटलं, तुम्ही ठेवा. माझ्या नावावर आहे, पुढच्या महिन्यात द्या, त्याच्या पुढच्या महिन्यात द्या.

"नको," ते म्हणाले. "घरी नेलं तर वाचत बसेन. मग सकाळी इथं यायला नको वाटतं." पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुम्ही एवढ्या लांब आलात. पण आता फोन नका करू, ताई. दुसरं काही आलं तरी."

रागानं म्हणाले नाहीत. उलट खूप सांभाळून म्हणाले. मी बरं म्हटलं. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. ते कामगारांच्या गाडीकडे गेले आणि चढताना एकदा मागं वळून त्यांनी हात केला. मी तिथंच उभी राहिले. वरून विमान गेलं. कानठळ्या बसल्या, तेवढा वेळ काही विचार करावा लागला नाही.

डिचोलीला परत जायचं मनात येईना. इब्रामपूर तिथून फार लांब नाही. चांदेलवरून जाणारी बस मिळाली आणि मी भावाच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनी वाळवण उचलत होती. मला पाहून तिनं आधी विचारलं, काय झालं? काही झालं नाही म्हटलं, सहज आले. तिला ते पटलं नाही. सहज कुणी एवढ्या लांबून येतं का, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाऊ शेतावरून आला, त्यानंही तेच विचारलं.

ताटावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "कळवलं असतंत तर भात जास्त टाकला असता. बांगडे आणले असते." आणि आपल्या पानातला भात तिनं माझ्या पानात वाढला. मी नको म्हटलं, ती ऐकेना. माझ्या जुन्या खोलीत आता खताची पोती आणि फवारणीचं यंत्र होतं, म्हणून त्यांनी मला बाहेरच्या खोलीत, वारा लागावा म्हणून जनेलाजवळ अंथरूण घालून दिलं. आतून दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मी आजारी तर नाही ना, नोकरीत काही झालं का, असं चाललं होतं. मला उठून आत जावंसं वाटलं. काही झालेलं नाही, नुसतं माणसात बसायला आले, असं सांगावंसं वाटलं. ते कोणत्या शब्दांत सांगायचं ते कळेना. मी गेले नाही.

सोमवारी पहिल्या बसनं थेट कॉलेजला गेले आणि पुस्तक माझ्या नावावरून उतरवून शेल्फवर लावलं. वनस्पतीशास्त्राच्या नव्या मॅडमनी ते नंतर नेलं. चांगल्या आहेत त्या, कामात असतात. पुस्तक परत करताना म्हणाल्या, फार उपयोगी आहे, कुणी मागवलं होतं? मी सांगितलं की आधी इथं एक सर होते, त्यांनी. मॅडमनी नाव विचारलं नाही, मी पुस्तक परत शेल्फवर लावलं.

सरांना मी परत फोन केला नाही. कुणाकडून तरी कळलं की ते विमानतळ सोडून सावंतवाडीकडे एका शाळेत लागले, तर दुसऱ्या कुणी सांगितलं की अजून तिथंच आहेत. खरं काय ते मला माहीत नाही.

इब्रामपूरला मी आता मधूनमधून जाते. आधी वहिनीला फोन करते. ती विचारते, काही काम आहे का? मी सांगते, काही नाही. मग पलीकडून भांड्यांचा आवाज येतो, कोंबड्यांचा येतो.

"या तर," ती म्हणते.