काय सोडू ते सांग

खुर्चीत टेकायच्या आधीच मावशी डावा हात टेबलावर टाकायची. बांगड्या कोपराकडे सारायची, मूठ आवळायची आणि धापा टाकत का होईना, पहिलं वाक्य तेच बोलायची. "बाय, सुई मार. पन मी काय सोडू ते सांग."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. दुखणं किती, कसं, कुठे, यात त्यांना रस नसतो. उपाय सांगा, करून मोकळं होऊ, असा सगळा खाक्या. मावशी त्यातलीच. कोळीवाड्यातली, साठीच्या आसपासची, अंगानं काटक. घरी मुलगा आणि सून. मुलगा होडीवर जायचा.

मी रक्त काढणारी बाई. आगरदांड्याच्या रस्त्याला एक लहानशी लॅब आहे, तिथलं काउंटरही माझं आणि सुईही माझीच. नमुने मुंबईला जातात, रिपोर्ट फोनवर येतात, मी ते छापून हातात देते. रिपोर्टचा अर्थ सांगणं हे काही माझं काम नाही. पण समोरचं माणूस इंग्रजी कागद उलटासुलटा धरून आपल्या तोंडाकडे बघायला लागलं की गप्प बसवतं का? मला तरी बसवलं नाही. आणि खरं सांगायचं तर शहाणपणा शिकवायची मला हौसच होती.

पहिल्यांदा ती आली ती दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. अलिबागच्या डॉक्टरांनी ॲलर्जीची रक्ततपासणी लिहून दिली होती. दम लागायचा, छातीत शिट्टी वाजायची, डोळे चुरचुरायचे, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. म्हणून ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची. मी फॉर्म भरला. नाव, वय, गाव, काम. कामाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि सुई काढली. सुई टोचताना ती बघत राहिली. बहुतेक लोक तोंड फिरवतात.

रिपोर्ट आला तो चार पानी. साठ-सत्तर वस्तूंची यादी आणि प्रत्येकीपुढे शून्य ते सहा असा आकडा. मावशीच्या यादीत बहुतेक शून्यच होती. कोळंबीपुढे चार. घरातल्या धुळीतल्या किड्यांपुढे तीन. झुरळापुढे तीन. मी बोटानं दाखवलं तसं तिनं विचारलं, चार म्हणजे कितीपैकी? मी म्हटलं, सहापैकी. "मंग पास झाले की," म्हणाली आणि हसता हसता खोकायला लागली. तिला पाणी दिलं.

मग झुरळाचं निघालं. तिला ते फार लागलं. तिच्या स्वयंपाकघरात बोट फिरवावं तर काळं लागणार नाही, असा तिचा तोरा. "बाय, मी झुरळ कदी खाल्ला गं? कोनी सांगितला तुमाला?" मला हसू आवरेना. मी म्हटलं, अहो मावशी, झुरळ कुणी खात नाही. त्याची विष्ठा, त्याच्या पायांचा चुरा हवेत उडतो, तो नाकातून आत जातो. सगळं काही तोंडानंच जात नसतं.

हे माझे शब्द. मीच बोलले ते. आणि त्याच श्वासात कोळंबीवर बोट ठेवून सांगितलं, हे मात्र खायचं नाही हं. कोळंबी नाही, करंदी नाही, जवळा नाही.

तिनं जरा वाद घातला. जवळा म्हणजे चिमुकली कोळंबीच, आणि मावशीचं बाळपण, तरुणपण सगळं जवळ्याच्या आंबट कालवणावर गेलेलं. म्हणाली, खाऊन मला कधी काही झालं नाही. ना खाज, ना उलटी. मी म्हटलं, रिपोर्टात आहे ना? ती गप्प झाली. छापलेल्या कागदापुढे आपल्याकडे भल्याभल्यांची बोलती बंद होते, तिथे तिची काय कथा. डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं होतं. कोळंबी वर्ज्य, घरातली धूळ कमी करा, गादी उन्हात टाका, मांजर असेल तर घरात घेऊ नका, आणि दम लागला की पंप ओढा.

तिनं डॉक्टरच्या चार गोष्टींच्या चाळीस केल्या. गादी उन्हात टाकायची होती, तिनं ती देऊनच टाकली आणि चटईवर आली. मांजरीपुढे रिपोर्टात चक्क शून्य होतं, तरी मांजर गोणीत घालून फेरीबोटीतून पलीकडे दिघीला सोडून आली. म्हणे, पाण्यापलीकडून मांजर परत येत नाय. उदबत्ती बंद केली. अबोलीचा गजरा बंद केला. मग वांगं सोडलं, दही सोडलं, तुरीची डाळ सोडली. हे कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. शेजारीण काही बोलली, सोडलं. कुणी फोनवर काही बघितलं, सोडलं. दर महिन्या-दीड महिन्यानं माझ्याकडे यायची, काम असो नसो, आणि नवीन काय सोडलं ते सांगायची. गालफडं बसली होती. तरी दम तसाच. मला तिचा राग यायचा, आणि ती गेल्यावर माझाच राग यायचा.

पावसाळ्यात मात्र ती बरी असायची. ही गंमत माझ्या लक्षात आली होती. दम्याची माणसं पावसात बेजार होतात, ही आपली टुणटुणीत. आषाढात येऊन बसायची, चहा प्यायची, पंपाला महिनाभर हात लावला नाही म्हणून सांगायची. आणि नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या, की पुढच्या काही दिवसांत तिची शिट्टी सुरू. ती म्हणायची, "दर्या आपला दम परत मागून घेतो गं बाय." मी म्हणायचे, मावशी, देवाधर्माचं आणि छातीचं काय नातं? डोकं लावा जरा. डोकं लावा, हे मी तिला सांगत होते.

एकदा तिनं विचारलं, यादीत मासे कुठले कुठले आहेत, वाच. मी वाचले. कॉड, ट्यूना, सॅल्मन. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, यातला एकपण आमच्या घरात कधी आलेला नाही. माझे मासे तर कुणी तपासलेच नाहीत. बरोबरच होतं तिचं. पुढच्या खेपेला तिनं तीन पुड्या आणल्या, दोऱ्यानं बांधलेल्या. एकीत बोंबील, एकीत मांदेली, एकीत जवळा. टेबलावर रांगेत मांडून म्हणाली, "हे घाल तुझ्या मशीनीत. माझ्या हातचा हाय सगळा."

माझ्या हातचं आहे, हे तिनं तोंडानं सांगितलं. मी हसले. मशीन असं चालत नाही, मासे नाही रक्त तपासतात, वगैरे सांगितलं. तिनं पुड्या परत नेल्या नाहीत, मलाच देऊन टाकल्या. आणि मी तो जवळा घरी नेऊन कांद्यात परतून खाल्ला. चांगला लागला.

मी माणगावकडची, भातशेतीवाल्या घरातली. आमच्याकडे सुकी मासळी बाजारातून पिशवीतून यायची. ती सुकते कशी, सुकवतं कोण, तेव्हा हवेत काय उडतं, हे मी लग्न होऊन इकडे आले तरी कधी बघितलं नव्हतं. कोळीवाडा लॅबपासून रिक्षानं वीस मिनिटांवर. बारा वर्षांत एकदाही गेले नाही. माझ्यासाठी मासा म्हणजे ताटातली गोष्ट.

या वर्षी दिवाळीनंतर ती आली तेव्हा तिला खुर्चीपर्यंत यायला दोनदा थांबावं लागलं. ओठ काळपट दिसत होते. पुन्हा तपासणी कर म्हणाली. मी समजावलं की मावशी, आकडे तेच येणार, याचा उपयोग नाही, आधी डॉक्टरांकडे जा. ती ऐकेना. मागच्या खेपेला काहीतरी सुटलं असेल, यादीत नसेल, नीट बघायला सांग म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

"समदा सोडला गं. आता सोडायला कायपन राहिला नाय. तरी काय सोडू ते सांग."

मी फॉर्म ओढला, जुना बघून नवा भरला आणि रक्त काढलं. शीर सापडायला वेळ लागला.

रिपोर्ट चार दिवसांत आला. कोळंबी पाच. बाकी जवळपास तेच. तिला फोन केला, उचलला नाही. दोन दिवस वाट पाहिली. पहिला रिपोर्ट आल्याचं कळवलं तेव्हा ती दोन तासांत दारात हजर होती. माझं मन काही लागेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी रिक्षा केली आणि कागद घेऊन मीच निघाले.

कोळीवाड्याच्या मासळी सुकवायच्या खळ्यावर पोचले आणि पाय तिथेच थांबले. केवढं मोठं खळं, आणि सगळ्यावर जवळा पसरलेला, पार कुंपणापर्यंत. तीन-चार बायका खराट्यानं तो उलटापालटा करत होत्या. एक जण सुकलेला जवळा हातांनी चोळून सुपात पाखडत होती. पाखडला की त्याची पांढरट-गुलाबी भुकटी उडायची आणि वाऱ्याबरोबर तिच्याच तोंडावर यायची. भुवयांवर, केसांवर बसली होती ती. मी लांब उभी होते तरी माझं नाक हुळहुळलं, डोळ्यांना पाणी आलं.

नाकातून जातं. सगळं काही तोंडानंच जात नसतं.

रिपोर्टाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते. रुग्णाच्या लक्षणांशी आणि परिस्थितीशी ताडून पाहावे. मला ती इंग्रजीतून तोंडपाठ आहे. तिचा अर्थ एवढाच, की शरीर एखाद्या वस्तूला ओळखतं, एवढंच रक्त सांगतं. त्या वस्तूशी त्या माणसाची गाठ कुठे पडते, किती पडते, हे माणसालाच विचारायचं असतं. ते मी विचारलं नव्हतं. रिपोर्टावर छापून गेलेल्या माझ्या 'गृहिणी'वर विसंबून डॉक्टरांनी तिच्या घरातली गादी शोधली, मांजर शोधली. पावसात होड्या बंद, म्हणून खळं बंद, म्हणून ती बरी. नारळ दिला की जवळा आला. दर्या दम मागून घेतो, असं ती सांगत होती, आणि मी तिला डोकं लावायला सांगत होते.

पाखडणारी बाई तिची सून निघाली. मी लॅबमधली म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं, हात पुसले, मला सावलीत बसवलं. मावशी पाच दिवसांपूर्वी गेली होती. भर दुपारी, इथेच, जवळा उलटताना. दम लागला म्हणून बसली, पंप ओढला, जरा बरं वाटल्यावर पुन्हा उठून खराटा घेतला. दुसऱ्यांदा बसली ती उठली नाही. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी हातातला कागद पर्समध्ये कोंबला. सुनेला वाटलं मला दुःख झालंय, आणि ती बिचारी माझीच समजूत घालायला लागली. "तुमचा शब्द आईनं मोडला नाय हो म्याडम. दोन वर्सं जवळा तोंडाला लावला नाय. आमी खायचो, ती नुसती भाकर न् मीठ घ्यायची."

मला गप्प राहून निघून येता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? पण तिच्या केसांत ती भुकटी होती, आणि बोलताना ती मधेच खाकरत होती. मी सांगितलं. की खाण्याचं नव्हतं ते. हे उडतं, ते नाकातून छातीत गेलं. खळं सोडायला हवं होतं, ते मी सांगायला हवं होतं, आणि मी विचारलंसुद्धा नाही की मावशी, तुम्ही दिवसभर काय करता. तूसुद्धा नाकाला फडकं बांध, आणि छातीत शिट्टी वाजली तर थांबू नकोस, डॉक्टरांना पहिली गोष्ट सांग की मी जवळा सुकवते.

ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"म्हंजे आईनं खाल्ला असता तर चाललं असतं?"

मी म्हटलं, "हो. बहुतेक चाललं असतं."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. ऊन उतरायला लागलं होतं आणि जवळा एकदा तरी उलटायला हवा होता, नाहीतर खालून ओला राहतो. तिनं पदर नाकावरून घेऊन मानेमागे घट्ट गाठ मारली आणि खराटा उचलला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी मावशीचे दोन्ही फॉर्म काढले. दोन्हींवर माझ्याच अक्षरात 'गृहिणी'. वळणदार अक्षर आहे माझं, लोक कौतुक करतात. ते फॉर्म मी काउंटरच्या खणात ठेवलेत. डावा हात टेबलावर टाकणारं आता कुणी येत नाही.

आता कामाचा रकाना आला की मी थांबते. समोरच्या बाईला विचारते, तुम्ही काम काय करता? जवळजवळ प्रत्येक जण सांगते, काय नाय, घरीच असते. मी पेन खाली ठेवते आणि पुन्हा विचारते.