रंगाखालचं लोखंड

दादाराव कधी सन सांगत नसत, रंग सांगत. मुलीचं लग्न केव्हा झालं असं विचारलं, की म्हणत, "गाडी आमरसी होती तवा." विहिरीला पाणी लागलं ते गाडी हिरवी असताना, घरावर पत्रे पडले ते ती जांभळी असताना. पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मी त्यांना मोटरसायकलचं मॉडेल कोणत्या सालचं ते विचारलं होतं, कारण जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये सालागणिक फरक पडतो. ते डोळे किलकिले करून बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "घेतली तवा काळी होती. पण काळा तर कंपनीचा रंग आहे, थो काई आमी मोजत नाई." मी चिडलो. गिऱ्हाइकाने विचारल्याचं सरळ उत्तर द्यावं, एवढीच माझी अपेक्षा असते आणि ती सहसा पुरी होत नाही.

माझं दुकान अमरावतीत बडनेरा रोडला लागून एका गल्लीत आहे. मी गाड्यांचं वायरिंग करतो, म्हणजे हॉर्न, दिवे, बॅटरी, सेल्फ, सगळं. दादाराव तिवशाच्या अलीकडच्या एका गावचे माळी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे उठून फुलं ओल्या गोणपाटात बांधायची, गाडीच्या दोन्ही अंगांना लटकवायची आणि उजाडेपर्यंत फुलबाजार गाठायचा, हा त्यांचा उभ्या जन्माचा क्रम. माल विकला की परतताना ते माझ्याकडे थांबत. काम असलं तरी आणि नसलं तरी. दुकानात एक तुटक्या हाताची खुर्ची आहे, तिच्यात बसून ते चहा घेत आणि गाडीकडे पाहता पाहता डोळा लागू देत. मी हॉर्न तपासत असलो तरी त्यांची झोप मोडत नसे. सकाळचं ऊन शटरखालून आत येई, गोणपाटातून पाणी टिपटिप गळे, दुकानात ग्रीसच्या वासात झेंडूचा वास मिसळे, आणि मला त्या वेळी कोणावर ओरडावंसं वाटत नसे. हे माझ्या बाबतीत नवलच म्हणायचं.

रंगांची भानगड मला हळूहळू कळली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला ते रंगाचा डबा आणत. उरलेला रंग फेकायचा कसा, म्हणून दसऱ्याला गाडी धुऊन तोच रंग तिला लावायचा. कमी पडला तर आणखी एक डबा आणायचा. रंग कोणता, ते मात्र रुखमाबाई ठरवत, आणि एकदा ठरला की तोच पाच-सहा वर्षं चाले. रुखमाबाई म्हणजे त्यांची बायको. दादाराव दरवर्षी झेंडूचा रंग आणू म्हणत आणि त्या दरवर्षी नाही म्हणत. दिवसभर शेतात झेंडू पाहायचा, घरी आल्यावर दारातही तोच कशाला, असं त्यांचं म्हणणं. रंगवायला दोघंही बसत. त्या मोठ्या कडक होत्या. वरवर फासलेलं त्यांना चालत नसे. सीट काढा, डब्यांची झाकणं काढा, बोल्ट सोडून आतली खाचही रंगवा. दर दसऱ्याला त्या दादारावांकडून रेग्युलेटरसुद्धा खोलून घेत आणि त्याच्या खालची जागा रंगवत. देवाला हात जोडायचे तर आतून मळकट गाडी पुढे कशी करायची, असं त्या म्हणत. गाडी अस्मानी होती तेव्हा रुखमाबाई गेल्या. त्यानंतर दादारावांनी गाडीला ब्रश लावला नाही. दसऱ्याला धुवायचे, फुलं वाहायचे, बस्स.

अशातच गाडीचा रेग्युलेटर जळाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन जोरात फिरलं की कॉइलमधून करंट जास्त येतो. दिव्याला आणि बॅटरीला झेपेल तेवढा त्यांच्याकडे पाठवायचा आणि बाकीचा गाडीच्या बॉडीत सोडून द्यायचा, हे रेग्युलेटरचं काम. तो गेला की ॲक्सिलरेटर पिळताच हेडलाइटचा बल्ब लख्ख पेटतो आणि उडतो. मी नवा रेग्युलेटर आणला. कंपनीचा जुना मिळत नव्हता, दुसऱ्या बनावटीचा मिळाला. तारांचे रंग जुळत नव्हते, म्हणून कॉइलकडच्या तारा मीटर लावून शोधल्या, बॅटरीकडची वेगळी केली, जोड पिळून त्यांवर नळी चढवली. तारा सगळ्या बरोबर लागल्या. पण जुन्याला होती तशी अर्थिंगची, म्हणजे जादा करंट बॉडीत सोडणारी, वेगळी तार या नव्याला नव्हती. तो आपल्या पाठीतून अर्थिंग घेणारा होता, आणि त्याची पाठ जिथे टेकायची तिथे रुखमाबाईंनी रंग लावून घेतला होता. रंगातून करंट जात नाही.

मी पॉलिश पेपर उचलला. दादाराव खुर्चीत पेंगत होते, ते कागदाच्या आवाजाने जागे झाले. काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, एवढीशी जागा खरवडतो, वरून दिसणारही नाही. ते उठले आणि माझ्या हातावर हात ठेवला. रागावले नाहीत. "थे राहू द्या मिस्त्री," म्हणाले, "थ्या रंगाले तिचा हात लागला आहे. आता दुसरा कुठून आणू?"

मी कागद खाली ठेवला. रेग्युलेटरच्या बोल्टपासून इंजिनच्या उघड्या बोल्टपर्यंत एक जादा तार ओढून दिली. दिवा व्यवस्थित लागला. मात्र हा टेकू आहे, कायमचा इलाज नव्हे, हे मी त्यांना बजावलं. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

टेकू टिकला नाही, कारण फुलं. ओल्या गोणपाटाचं पाणी रोज नेमकं त्या जोडावर गळायचं. तारेचं टोक हिरवं पडलं, सुटलं, बल्ब उडाला. मी पुन्हा जोडलं, वर रबर घातलं, ग्रीस थापलं. पाण्याने पुन्हा वाट काढली. पाणी आणि फुलं दोन्ही दादारावांच्या धंद्यातली, त्यांना कोण अडवणार? मी एकदा जरा वरच्या पट्टीतच बोललो. पहाटे बिनदिव्याची गाडी हायवेवर घालता, मागून ट्रक येतात, त्यांना तुम्ही दिसणार कसे? ते शांतपणे म्हणाले, "मले सारा रस्ता पाठ आहे." मी म्हटलं, तुम्हाला रस्ता पाठ आहे, ट्रकवाल्याला तुम्ही पाठ नाही. ते हसले. त्यांच्या हसण्यात मला माझी हार दिसायची.

मग थंडीचे दिवस आले. एका सकाळी दादाराव आले ते गाडी ढकलत. कोपर सोललेला, धोतराला काळी माती, हेडलाइटची काच फुटलेली. पहाटे धुवारी दाट पडली होती, दिवा पुन्हा गेलेला, समोरचं काही दिसत नव्हतं. समोरून येणाऱ्या ट्रकला हे दिसलेच नाहीत. शेवटच्या क्षणी त्यांनी गाडी रस्त्याखाली घातली. त्यांना फार लागलं नाही, पण सगळी फुलं रस्त्यावर सांडली. मी त्यांना खुर्चीत बसवलं, कोपर धुतला. मग जसं एखादं स्वप्न सांगावं तसं सांगू लागले. धुक्यात सगळं पांढरं, आणि मध्येच रस्ताभर झेंडू. त्या झेंडूवरून ट्रकची चाकं गेली. त्यांना वाटलं, आपण मेलो आणि ही आपल्यावरचीच फुलं. मग त्यांना मुलगी आठवली, सुलोचना. ती अकोल्याला दिलेली, भाजीचं दुकान चालवते. आईच्या वेळी धावत आली होती. आता पुन्हा तिला असंच धावत यायला लावायचं का, असं त्यांच्या मनात आलं.

"खरवडा," ते म्हणाले.

मी रेग्युलेटर सोडला, पॉलिश पेपर घेतला. ते खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसले, नाकाला रंगाची पूड लागेल इतके जवळ. मी हलक्या हाताने घासू लागलो. मला वाटत होतं, अस्मानी गेला की खाली लोखंड लागेल आणि हे रडतील. अस्मानी रंग झिजला. त्याच्याखाली जांभळा निघाला. जांभळ्याच्या मधोमध आमरसी ठिपका उमटला, तो मोठा झाला, त्याच्या पोटात हिरवा दिसू लागला. हिरव्याच्या आत गुलाबी, गुलाबीच्या आत तांबडा. रुपयाएवढ्या जागेत एकात एक गोल पडत गेले, कापलेल्या कांद्यासारखे. मी घासायचं थांबवलं. माझ्याच्याने पुढे घासवेना.

दादारावांनी बोट लावलं. प्रत्येक गोलावर बोट ठेवत ते आतल्या आत पुटपुटत होते. इथे सुलूचं लग्न. इथे विहीर. गाडी गुलाबी असताना रुखमाबाई एकदा माहेरी रुसून बसल्या होत्या आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपणहून परत आल्या होत्या, कारण गाडी कोण रंगवणार? ती तांबडी असताना घरात पाळणा होता. बाहेर रस्त्यावर गर्दी वाढली होती, कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी येडा, वरचीच सांभाळून राहिलो होतो. खाली तर ती सारीच बसून आहे."

मग त्यांनीच कागद माझ्या हातात दिला. तांबड्याखालचा कंपनीचा काळाही काढून मधला थोडा भाग मी पार लोखंडापर्यंत नेला, पांढरं लख्ख लोखंड. भोवतीचे रंग मात्र तसेच ठेवले. रेग्युलेटर बसवला, बोल्ट आवळला, कडेने ग्रीस लावलं. नवी काच, नवा बल्ब. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर पिळला. दिवा एकसारखा जळत राहिला, उडाला नाही. दादारावांनी दिव्यासमोर तळहात धरला आणि हात पिवळा झाला तो पाहत उभे राहिले. त्या दिवशी चहा मी सांगितला.

पुढच्या दसऱ्यानंतर ते आले तेव्हा मी गाडी ओळखलीच नाही. झेंडूच्या रंगाची, पेटल्यासारखी. रंग स्वतः निवडला होता. सुलोचना अकोल्याहून आली होती, तिने मागचा मडगार्ड रंगवला होता. मी थट्टेने विचारलं, रुखमाबाईंना चालेल का? दादाराव गाडीकडे पाहत खुर्चीत टेकले. "बोलन ना थे," म्हणाले, "खालून बोलन. बोलू द्या." आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड त्यांना काय दिसत होतं ते मला ठाऊक नाही, पण चेहऱ्यावर हसू होतं. रेग्युलेटरखालची तेवढी जागा त्यांनी रंगवली नव्हती. मी झाकण काढून, रेग्युलेटर सोडून पाहिलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. घरीच, ओसरीत, दुपारच्या झोपेत गेले. निरोप सुलोचनाने दिला. आता गाडी तिच्याकडे अकोल्याला असते, मूर्तिजापूरमार्गे कधी इकडे आली की ती माझ्याकडे दाखवून जाते. माझं चालू घड्याळ, चालू कॅलेंडर, बिलबुक सगळं भिंतीवर आहे, सन विचाराल तर सांगू शकतो. तरी परवा फुलबाजारातला एक ओळखीचा माणूस दुकानात आला आणि दादाराव केव्हा गेले हो, असं त्याने विचारलं. मी हातातली तार सोडली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"गाडी झेंडूची होती तेव्हा."