फुलांच्या खोलीतलं दुकान

धनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. त्याची बायको वर्षा अकोल्याहून बोलत होती. म्हणाली, "मावशी, हे सकाळी उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले." मी निघते म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून काढली. अर्धी टाकून उठलं तर ती काळी पडते. मग लुगडं बदललं आणि स्टँडवर जाऊन अकोल्याची एसटी धरली. कुठं जायचं ते कंडक्टरनं मला दोनदा विचारलं, एवढंच आठवतं.

धनू माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मूळचा अकोटचा. बावन्न वर्षांचा होता. पेपरची ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी काहींनी त्याच्या हातची बाटली नेली असेल. अमरावतीत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं वाइनचं दुकान होतं. नऊ उन्हाळे चाललं. ते बंद का झालं, यावर लोक काहीही बोलतात. कोणी म्हणतं लायसन गेलं, कोणी म्हणतं गिऱ्हाईक नव्हतं. तसं काही नव्हतं. ते मी बंद केलं. म्हणून लिहायला बसले आहे. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाईट आहे, मजकूर खरा आहे.

आम्ही माळी. नांदगाव पेठेच्या रस्त्याला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, मोगरा निघायचा आणि सगळा माल या पुढच्या खोलीत यायचा. खोलीच्या भिंती हात-हात रुंद, मातीच्या, वर मातीचाच धाबा. खाली वीतभर रेती अंथरलेली. दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. उन्हाळ्यात अकराला, दोनला आणि पाचला ताट्यांवर पाणी मारायचं. एक वेळ चुकली तर संध्याकाळचा हार कोमेजलेला निघतो. ते काम मी चाळीस वर्षं केलं. मग मळा प्लॉटवाल्यांना गेला, फुलं संपली आणि खोली रिकामी पडली. तेव्हा धनू आला.

तो वीस वर्षं नाशिककडे एका मोठ्या वाइनच्या कारखान्यात होता. तिथून निघाला तो एक वेड घेऊनच. आपल्याच शेतातल्या फळांची, हातानं, थोडी थोडी वाइन करणारे लोक त्याला तिकडे भेटले होते. नाशिकजवळचं एक जोडपं, एक जांभळाचा माणूस, मोहफुलांची करणारी एक बाई. ते वरून साखर घालत नाहीत, टिकायची पावडर घालत नाहीत. त्यांचा माल मोठे दुकानदार घेत नाहीत, कारण तो गढूळ दिसतो आणि उन्हात मरतो. धनूला फक्त त्यांचाच माल विकायचा होता. आधी त्यानं अकोल्यात, जुन्या शहरात, राहत्या घराच्या खालीच दुकान टाकलं. पहिल्याच मे महिन्यात अर्धा माल उन्हानं नासला. मग तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"मावशी, तुही फुलाची खोली मले दे."

"कायले?"

"वाइनचं दुकान टाकाचं आहे."

"दारूचं?"

"द्राक्षाची असते ते. जांभळाची असते."

"चढते का?"

खोटं बोलणारा तो नव्हता. म्हणाला, "लय पेली तं चढते."

"मंग दारूच झाली. नाव काईबी ठेव."

माझा नवरा दारूनं गेला. हे मी कधी लपवलं नाही, गल्लीला माहीतच होतं. त्याच घराच्या पुढच्या खोलीत बाटल्या लावू द्यायच्या म्हणजे... पण धनू चहा पिऊन उठता उठता म्हणाला, "तुह्या मोगऱ्यावानीच आहे मावशी, एक दिवस पाणी चुकलं का गेली." उन्हानं मरणारी वस्तू जपणारा माणूस मला कळतो. दुसरं काही मला कळत नाही. मी दोन अटी घातल्या. ओट्यावर बसून कोणी पिणार नाही, आणि पिऊन आलेल्याला बाटली द्यायची नाही. कागदावर सही केली आणि खोली दिली.

तो रोज अकोल्याहून यायचा, रोज परत जायचा. आल्या आल्या अकराचं पाणी तो मारायचा, पाचचंही तोच. दोनला तो डबा खायचा, म्हणून दोनचं पाणी माझं. नऊ उन्हाळ्यांत आमचं हे वाटप बदललं नाही. बाटल्या तो रेतीत आडव्या निजवायचा, एकीचा एकीला धक्का लागणार नाही अशा. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. करणाऱ्याचं नाव, गाव, फळ, भरल्याचा दिवस. अक्षर मोठं, सुटं. मी चष्मा लावून वाचायची. मी नाशिक पाहिलेलं नाही, पण तिकडच्या त्या जोडप्याच्या गावाचं नाव मला माझ्या माहेरच्या गावासारखं पाठ झालं होतं.

गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं यायचं. एक डॉक्टर, प्रोफेसर, नांदगाव पेठेच्या कारखान्यांतले परगावचे साहेब. ते चिठ्ठ्या वाचायचे, विचारायचे, तासभर उभे राहायचे. दुसरं चुकून आलेलं.

"भाऊ, एक क्वार्टर द्या."

"क्वार्टर नाई ठेवत आपण."

"मंग ठेवता काय?"

"जांभळाची आहे, मोहाची आहे, द्राक्षाची आहे."

"यातली कडक कोणती?"

"कडक कोणतीच नाई."

"मंग दुकान कायले उघडलं बाप्पा? फळाचा गाडा लावाचा न."

धनू त्याला माठातलं पाणी द्यायचा आणि हसत वाटेला लावायचा. मी आतून ऐकत असायची. नऊ वर्षांत एकदाही त्याला अट आठवून द्यावी लागली नाही.

चूक झाली ती माझ्याच हातून. दुसऱ्या उन्हाळ्यात तो वर्षाला दवाखान्यात न्यायचं म्हणून दोन दिवस आला नाही. मी खोलीत गेले तर बाटल्यांच्या तळाशी गाळ बसलेला. म्हटलं, पोराचा माल फाटायला लागला. तेलाची बाटली हलवतात तशी एक एक बाटली उचलून खालीवर केली, सगळ्या एकजीव करून पुन्हा निजवल्या. दुपारभर ते काम पुरलं. तिसऱ्या दिवशी धनूनं उजेडात एक बाटली धरली, मग दुसरी, आणि खाली बसला.

"मावशी, कोणं हलवल्या?"

"मी. गाळ बसला होता."

"गाळ बसासाठीच असते तो."

रागावला नाही. तीन आठवडे त्यानं काही विकलं नाही. गाळ पुन्हा खाली बसेपर्यंत आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "माल झोपला आहे, नंतर या." तेव्हापासून चिठ्ठीवर एक ओळ वाढली. खाली रेघ मारून लिहायचा, 'हलवू नये'. ती ओळ माझ्यासाठी आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी फाल्गुनात माझ्या नातीचं स्थळ आलं. माणसं अकोटकडची, चांगली. ती घर पाहायला येणार होती. माझा मुलगा म्हणाला, "आई, दारातच दुकान आहे. ते काय म्हणतील?" मलाही तेच वाटत होतं. शिवाय खरं सांगायचं तर मी थकले होते. नऊ वर्षं बाजारात, भजनात बायका विचारायच्या, नवऱ्यानं एवढं दाखवलं तरी तू दुकान टाकू दिलं? उत्तर देऊन देऊन मी थकले होते. धनूला सांगितलं, पाडव्याच्या आत खोली खाली कर.

ताटीकडे पाहत तो म्हणाला, "मावशी, मिरग लागेपर्यंत राहू दे. एक पाऊस पडू दे, मंग मी नेतो. उन्हाळ्यात हे नाई निघत."

"पाहुणे काई मिरगाची वाट पाहणार नाई."

"समोर पडदा लावतो. बोर्ड काढतो. दुकान बंदच ठेवतो न, फक्त माल राहू दे."

"तुह्या बाटल्या माह्या नातीपेक्षा मोठ्या आहेत का?"

उन्हानं काय होतं ते मला माहीत होतं, हे मी इथं लिहून ठेवते. अकोल्याचा माल गेलेला त्यानं मला सांगितला होता. चाळीस वर्षं मी ताट्यांवर पाणी मारत होते. सगळ्या अमरावतीत ही गोष्ट कोणाला समजायची तर मला. आणि मी नाही म्हटलं.

बडनेऱ्याच्या रस्त्याला त्याला पत्र्याचा गाळा मिळाला. ओल्या पोत्यांत गुंडाळून त्यानं दोन दिवस बाटल्या नेल्या. शेवटची खेप भरल्यावर परत आला, रिकाम्या खोलीच्या ताट्यांवर पाचचं पाणी मारलं आणि मग गेला. तिथं त्यानं कूलर लावला, पत्र्यावर गवत टाकलं. पत्रा तो पत्राच. मेअखेरच्या नऊ दिवसांचा नवतपा लागला तशी बुचं वर यायला लागली. काही बाटल्या फुटल्या, बाकीच्या आंबल्या. नाशिककडच्या त्या जोडप्यानं त्या वर्षीचा सगळा माल एकट्या धनूकडे पाठवला होता.

त्यांना फोन त्यानं माझ्या ओट्यावर बसून केला. मी दाराआड होते. म्हणत होता, "नाई ताई, तुमच्या मालात काईच दोष नाई. जागा माहीच चुकली... हो, जागा म्याच बदलली." माझं नाव त्यानं घेतलं नाही. फोन ठेवून आत आला आणि दोन कॅन माझ्यासमोर ठेवले. "सिरका झाला मावशी. कांद्यावर घे, चांगला आहे." मी घेतला. कांदा केला. चांगलाच होता, आंबट आणि मागून जांभळाचा वास येणारा. तिथून पुढे दुकान म्हणून काही उरलं नाही. दिवाळीत लायसन परत केलं आणि जुन्या शहरात एका ओळखीच्या किराणा दुकानात बसायला लागला.

नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. धनू दोन दिवस आधीच आला आणि पंगतीत वाढायला उभा राहिला. जेवता जेवता आमचे व्याही त्याला म्हणाले, "काहो, तुमचं ते फळाच्या वाइनचं दुकान बंद काहून केलं? आमी घर पाहाले आलो तवा म्हटलं दोन बाटल्या नेऊ, तं खोलीले कुलूप."

वाढता वाढता त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "उन्हाळा लय होता," म्हणाला, आणि पुढच्या पानाकडे गेला.

त्यानंतर तो एकदाच आला, संक्रांतीला. तिळगूळ दिला आणि फुलांच्या खोलीत गेला. भिंतीला तळहात लावून उभा राहिला. "थंड आहे अजून," एवढंच म्हणाला. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं. चहा ठेवला...

त्याचं हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या बापाचंही तसंच झालं होतं. माझ्यामुळे तो गेला असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. पण दुकान माझ्यामुळे गेलं. तेराव्याला अकोल्यात वर्षाजवळ बसले तेव्हा मी तिला हे सरळ सांगितलं. पाडव्याची गोष्ट, मिरगाची गोष्ट, सगळी. तिनं ऐकलं. म्हणाली, "मला माहीत आहे मावशी. तुम्ही दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणतात. चहा तरी घ्या." मी घेतला.

परत आल्यावर मुलगा म्हणाला, ती खोली पाडून गाडी ठेवायला शेड करू. मी म्हटलं, आधी रेती काढू दे. घमेलं घेऊन बसले. मागच्या भिंतीजवळ, कोपऱ्यात हाताला काच लागली. एक बाटली होती, आडवी निजवलेली. त्यानं मुद्दाम ठेवली की नजरेतून सुटली, हे आता कोणाला विचारू? बूच जागच्या जागी. गाळ एका अंगाला शांत बसलेला. चष्मा आणून चिठ्ठी वाचली. नाशिकजवळच्या त्या जोडप्याची द्राक्षाची होती, आणि खाली रेघ मारून त्याची नेहमीची ओळ होती. माल इथंच राहिला असता तर सगळ्याच अशा राहिल्या असत्या. एवढं मला त्या बाटलीनं दाखवलं.

बाटली होती तशीच निजवून काढलेली रेती मी परत टाकली. शेड होणार नाही असं मुलाला सांगितलं. सून रोज विचारते, "आई, रिकाम्या खोलीले पाणी कायले मारून राहिल्या तुमी? गुडघे पाहा आपले." तिचं खरं आहे. बादली आता अर्धीच उचलते आणि दोन खेपा करते. यंदा ऊन फार आहे. अकराचं पाणी मी मारते, पाचचंही मीच. दोनचं माझं होतंच.