म्हाळूची मान

तलवाड्यात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. म्हणून म्हाळूला तिथं बसायला आवडायचं. तिथं आम्ही सगळेच त्याच्यासारखे.

म्हाळू मेंढरंवाला. सहा वर्षांपूर्वी ताप मेंदूत गेला. जीव वाचला, पण कान गेले. त्याआधी हा माणूस बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, कुठल्या ओढ्याला पाणी पाजायचं, सगळं तो बोलून ठरवायचा. कान गेल्यावर त्यानं मान डोलवायला सुरुवात केली. समोरच्याचे ओठ हलले की म्हाळू हसणार आणि मान हलवणार. लोकांच्याही ते पथ्यावरच पडलं. त्याचा धाकटा भाऊ बंकट सगळं आपणच ठरवायचा आणि वर सांगायचा, "दादानं मान डोलावली की." मला बंकटचा फार राग यायचा, अजूनही येतो.

आवाज मात्र म्हाळूचा खणखणीत राहिला. स्वतःचं ऐकू येत नसल्यानं त्यानं साधं पाणी मागितलं तरी गल्लीला कळायचं. त्याची बायको साखराबाई "हळू बोला की, हळू बोला की" म्हणत दिवसभर तळहात खाली दाबत राहायची. तो त्यालाही मान डोलवायचा आणि पुन्हा ओरडायचा.

त्यांची मुलगी सुकन्या गेवराईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिला दिंद्रुडचं स्थळ आलं आणि रविवारी बोलणी ठरली. शुक्रवारी ती दळण घेऊन आली, डबा ठेवला आणि तशीच उभी राहिली, म्हणून मी गिरणी बंद केली.

"बबनकाका, बंकटकाका ह्याच उन्हाळ्यात लगीन म्हनतेत. आबांनी मान डोलावली म्हंजी माझं शिक्षान संपलं."

"मंग आबाला लिवून दे की."

"दिलंय. ते म्हनले, मी बगतो. पन चार जन बोलायला लागल्यावर आबांना काय कळनार? कोन कशाला काय म्हनलं आन् आबांनी कशाला मान हलवली, त्यांना तरी कुटं ठावं आसतंय?"

तिनं फोन काढला. आदल्या दिवशी त्याला अपडेट आलं होतं. मला या अपडेटांचा भारी तिटकारा. रात्रीतून सुनेनं स्वयंपाकघरातले डबे हलवावेत आणि सकाळी मिठाच्या डब्यात साखर निघावी, तसली ती गत. पण सुकन्या म्हणाली, यात एक नवीन आलंय, माणूस बोलतो ते फोन लिहून दाखवतो, आणि मराठीतही दाखवतो.

मी गिरणी बंद केली. म्हाळू पोत्यावर बसला होता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला आणि मी म्हणालो, "म्हाळू, तुजं दळन तयार हाय."

फोननं लिहिलं, म्हाळू तुझं दळण तयार, आणि पुढं इंग्रजी अक्षरांत 'हाय'.

म्हाळू सातवी शिकलेला. डोळे बारीक करून त्यानं वाचलं आणि म्हणाला, "ह्ये दळनाला रामराम कावून घालतंय?"

आमचं साधं 'हाय' त्या फोनला इंग्रजीतला रामराम वाटला होता. सुकन्या आणि मी पोट धरून हसलो. म्हाळू हसला नाही आणि त्यानं मानही डोलावली नाही. "बबन," तो म्हणाला, "आजून बोल."

इतक्या वर्षांनी मित्र बोल म्हणाला आणि मला काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणालो, "गिरनीचा पट्टा बदलायला झालाय."

त्यानं वाचलं. "मागल्या साली तर बदललावता?"

सहा वर्षांत माझ्या बोलण्यावर त्यानं उलट विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तोंड फिरवून उगाच पीठ झाडत बसलो.

रविवारी बैठकीत मीही होतो. सतरंजीवर मुलाचे वडील रामेश्वर आणि त्यांचे भाऊबंद, इकडं बंकट आणि म्हाळू. म्हाळूपुढं तांब्याला टेकवून ठेवलेला फोन. बंकटच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पाहुण्यांसमोर त्याला काही बोलता येईना. दोघं एकदम बोलले की फोन गडबडायचा. रामेश्वररावांनी मेंढरं किती विचारली, तर त्यानं 'मंदिरं किती' लिहिलं. म्हाळूनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मंदिर येकच हाय, मारुतीचं. मेंढरं शंभर." पाहुणे खूश झाले.

चहा आला. सुकन्या कप ठेवत असताना बंकट हळूच म्हणाला, "ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू. दादाची बी तीच इच्छा हाय." आणि सवयीनं म्हाळूकडं बघून हसला. मी म्हाळूच्या मानेकडं बघत होतो. सुकन्याही बघत होती.

म्हाळूनं वाचलं. मान हलली नाही.

"माजी?" तो म्हणाला, आणि फोन उचलून त्यानं पोरीपुढं धरला. "तू बोल."

सुकन्या इतकं हळू बोलली की शेजारी बसून मलाही कळलं नाही. पण फोनला कळलं. म्हाळूनं तो डोळ्यांपुढं धरला आणि त्याच्या त्या आवाजात, फोनच्या इंग्रजी 'हाय'सकट, वाचायला सुरुवात केली. "मला कोर्स पुरा करायचा, रामराम! येक वरीस ऱ्हायलंय. मंग लगीन करीन, मला स्थळ पसंत, रामराम!"

रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले. आता कुणाला ऐकलं नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. आधी रामेश्वरराव हसले, मग सगळी बैठक हसली. हसू ओसरल्यावर ते फोनकडं वाकून म्हणाले, "नर्स सून आमाला बी पायजे. वरीसभर थांबतो."

म्हाळूनं तेही वाचलं, पहिल्याइतकंच मोठ्यानं, आणि वर म्हणाला, "लिवलंय, हां! पुसू नको गं पोरी."

बंकट चहा पीत राहिला.

साखराबाई म्हाळूच्या मागंच दाराआड उभी होती. डोळे पुसता पुसता ती नेहमीसारखं, कुणाला ऐकू जाईल या आशेनं नव्हे, नुसत्या सवयीनं पुटपुटली. म्हाळूची नजर फोनवरच होती. त्यानं वाचलं, "हळू बोला की."

एवढं वाचून तो थांबला. मग दाराकडं वळला आणि कान गेल्यापासून पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "साखरे, तू व्हय? आजून बोल की."