सोमवारचा ताप

कारखान्यात त्याला सगळे बंदूकवाला म्हणायचे. बंदूक गोळ्यांची नव्हे, जस्ताची. दोन बाजूंनी जस्ताच्या दोन तारा आत सरकायच्या, टोकं जवळ आली की विजेने वितळायच्या, आणि मागून हवेचा झोत यायचा तो ते वितळलेलं जस्त समोरच्या लोखंडावर नेऊन बसवायचा. लोखंड गंजू नये म्हणून. टाक्यांची झाकणं, खांब, फाटकं, काय वाट्टेल ते यायचं. बावीस वर्षं त्याने हेच केलं. आवाज असा, की कोणी कानाशी जाड कापड टराटरा फाडतंय. म्हणून घरीसुद्धा ओरडूनच बोलायचा, आणि बायको म्हणायची, अहो, मी इथेच आहे, पलीकडच्या गल्लीत नाही.

पण कामाला माणूस चोख. आधी लोखंडावर बारीक खडीचा मारा करून ते राखेसारखं पांढुरकं करायचं, आणि चार तासांच्या आत जस्त चढवायचं. तेवढ्या वेळात कोणी त्याला बोट लावलेलं खपायचं नाही. घामाचा हात लागला की पुढे तिथूनच पापुद्रा सुटतो. एकदा साहेब हात लावायला गेले, तर याने त्यांच्याही हातावर चापट मारली. साहेब हसले म्हणून निभावलं.

आता ताप. दोन दिवस सुट्टी काढून माणूस सोमवारी कामावर आला, की जस्ताच्या धुराने संध्याकाळी तोंड गोडूस लागतं, हाडं ठणकतात, दातावर दात वाजतात. सकाळी उठावं तर काही नाही, लख्ख. मग आठवडाभर शरीराला सवय होते आणि पुढच्या सुट्टीत ते पुन्हा विसरतं. सोमवारचा ताप म्हणायचे त्याला. त्यापायी डॉक्टरकडे कोणी जायचं नाही. गेलाच कोणी, तर महिनाभर त्याला बाळंतीण म्हणून हाक मारायचे.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली होता आणि राहायलाही त्यांच्याकडेच. आईबाप लवकर गेले, तेव्हा बहिणीनेच त्याला कडेवर घेऊन मोठं केलेलं. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, आधी दाजींचे हाल पुरते बघू दे, मग ठरवतो. बहीण लाटणं उगारायची आणि दाजी मुकाट जेवायचे.

एका सोमवारी मोठमोठ्या जुन्या बोल्टांचा ढीग आला. त्यांच्यावर आधीचा कसलासा मुलामा होता, पिवळी सोनेरी झाक असलेला. त्यात खडी मारायचं यंत्र बंद पडलेलं, आणि फोरमन घाई करत होता. बंदूकवाला मेव्हण्याला म्हणाला, जाळून काढ, गॅसची ज्योत मार म्हणजे निघेल. मागच्या पत्र्याच्या खोलीत, वारा नको म्हणून दार ओढून, मेव्हणा दोन तास ते बोल्ट भाजत बसला. हवेच्या नळीचा मुखवटा एकच, तो बंदुकीवर बसणाऱ्याला.

जस्ताचा धूर पांढरा असतो. दाराच्या फटीतून येत होता तो तपकिरी होता. बंदूकवाल्याने बघितला. जुनं तेल जळत असेल, असं मनाशी म्हणाला आणि मुखवटा चढवून आपल्या कामाला लागला.

संध्याकाळी मेव्हण्याचा घसा आवळला, थंडी भरली. बहिणीने त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, दवाखान्यात जाऊ या. बंदूकवाला हसला.

"सोमवार आहे आज. सकाळी बघ, उड्या मारेल."

मेव्हणाही हसायला गेला, तर खोकलाच आला. दाजी, मला बाळंतीण करू नका, एवढं म्हणाला आणि पांघरूण ओढून पडला.

सकाळी ताप होता. बंदूकवाला म्हणाला, कधी कधी उशिरा उतरतो. दूध द्यायला सांगून कामावर गेला. दुपारी शेजारीण धावत कारखान्यात आली. तो घरी पोचला तेव्हा मेव्हणा भिंतीला टेकून बसला होता, आडवं होता येत नव्हतं, ओठ काळेनिळे. बहीण त्याची पाठ चोळत होती. तिने नवऱ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय जळत होतं. जस्त, हा म्हणाला. त्या म्हणाल्या, जस्ताने असं होत नाही, आठवून सांगा. तसा हा उलटपावली कारखान्यात गेला आणि ढिगातला एक बोल्ट उचलून घेऊन आला. तपासला तेव्हा त्यावरचा मुलामा दुसऱ्याच धातूचा निघाला. कॅडमियम. त्याचा ताप पहिल्या दिवशी अगदी सोमवारच्या तापासारखाच दिसतो, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी छातीत पाणी भरतं. कालच आणला असता तर हे टळलं असतं का, असं याने विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, कालपासून प्राणवायू तरी लावला असता. शुक्रवारी सकाळी मेव्हणा गेला.

माती देऊन परत येताना फोरमन याच्या बाजूने चालत होता. हळूच म्हणाला, जाळायला तुम्ही सांगितलंत हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पोराने आपल्या डोक्याने केलं असं सांगू, तुमची नोकरीही राहील आणि घरही. बंदूकवाला खाली मान घालून चालत राहिला. फोरमनला वाटलं, पटलं.

घरी बायको भावाचे कपडे घड्या घालून ठेवत होती. एका सदऱ्याची घडी तिने तीनदा मोडून पुन्हा घातली. मग मान वर न करता म्हणाली,

"त्याला ते जाळायला कोणी सांगितलं?"

जन्मात पहिल्यांदा तो हळू बोलला असेल.

"मी. आणि धूर वेगळा होता, तोही मी बघितला होता."

तिने सदरा पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि चूल पेटवायला उठली.

त्यानंतर सोळा वर्षं दोघं त्याच घरात राहिली. कारखान्यातही त्याने तेच सांगितलं, म्हणून कामावरून काढलं. मग एका गोदामाच्या फाटकावर बसायचा. बायको डबा भरून द्यायची, आजारपण काढायची, कशात कसूर केली नाही. पण तिने त्याला पुन्हा हाक म्हणून मारली नाही. काही सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहायची, त्याचं लक्ष जाईपर्यंत. आणि त्याला ऐकू कमी येत होतं, तरी ती आली की त्याला कळायचं.