शेजारच्या वाडीतल्या राण्या

व्हॅलेरियनचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याची स्तुती वाचताना मी कुणाला फार मोठ्या मनाचा वाटायला नको.

आमच्या दोघांच्या वाड्या एकमेकींना लागून होत्या. वसईहून अर्नाळ्याला जाताना आधी त्याची, मग माझी, आणि मधे मेंदीचं कुंपण. केळी, नारळ, थोडा मोगरा दोन्हीकडे सारखाच. मी कचेरीत कारकून, सकाळ-संध्याकाळ वाडीत राबणारा. तो चौथी शिकलेला, दिवसभर अर्ध्या चड्डीत वावरणारा, फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना इस्त्रीचा सदरा घालणारा. गावात मधमाश्यांच्या पेट्या मी आणल्या, १९७२ साली, पंधरा दिवसांचं रीतसर शिक्षण घेऊन. त्याचं प्रमाणपत्र माझ्या ओटीवर काचेत लावलेलं होतं. व्हॅलेरियन माझ्याकडून एक पेटी घेऊन गेला आणि चार वर्षांत लोक माश्यांसाठी त्याच्या फाटकाशी उभे राहू लागले. त्याचं फाटक आधी लागतं म्हणून असेल, अशी मी काही दिवस स्वतःची समजूत घातली.

खरं कारण वेगळं होतं. तो राण्या तयार करायचा. पेटीतली राणीमाशी म्हातारी झाली की सगळी वसाहत ढेपाळते. अशा वेळी कळंबपासून आगाशीपर्यंतचे लोक त्याच्याकडे यायचे आणि काड्यापेटीएवढ्या पिंजऱ्यात तरणी राणी घेऊन जायचे. राणी तयार करणं तसं सोपं आहे. माश्याच राणीघर बांधतात, ते कापून दुसरीकडे लावता येतं. अवघड काम पुढचं. जन्मलेली राणी आठवड्याभरात दुपारच्या उन्हात उडते, हवेत नरांशी तिचं मीलन होतं आणि ती परत येते. तेवढ्या दिवसांसाठी तिला एक लहानसं घर लागतं, आणि त्या लहान घरांच्या बाबतीत व्हॅलेरियनचा हात धरणारा कुणी नव्हता.

फळांच्या खोक्यांच्या फळ्यांतून तो त्या पेट्या स्वतः ठोकायचा. आत दोन छोट्या चौकटी, ओंजळभर माश्या, साखरेचं पाणी, आणि एका वेळी एकच माशी जाईल एवढं दार, म्हणजे मोठ्या पेटीतल्या माश्या लुटायला येऊ नयेत. "पेटी लहान पायजे," तो सांगायचा, "पन इतकी लहान नाय की माश्यांना ते घरच वाटू नये. मग त्या राणीला घेऊन निघून जातात." बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठाने त्या अकरा पेट्या मांडलेल्या असायच्या. एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. एक निळी, एक पिवळी, एकीवर पांढरा क्रूस, एकीच्या दारावर नुसतीच नारळाची झावळी. मला तो सगळा पसारा गबाळा वाटायचा.

म्हणून मी माझ्या चार लहान पेट्या करवून घेतल्या. सुताराकडून, सागवानाच्या, चारी हिरव्या, चारी एका ओळीत, एका मापाच्या अंतरावर. द्वारकेला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावून दाखवलं की बघ, याला म्हणतात काम. पंधरा दिवसांत चारांपैकी तीन राण्या गेल्या. उडून परत येणाऱ्या राणीला आपलं दार ओळखू येईना. ती शेजारच्या पेटीत शिरायची आणि तिथल्या माश्या तिला परकी म्हणून मारून टाकायच्या. गबाळेपणा कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. द्वारका म्हणाली, "अहो, व्हॅलेरियनला विचारलं असतं तर?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

माझ्याकडे त्याच्याहून सरस असं एकच होतं, ती माझी पहिली पेटी. इतकी गरीब वसाहत मी दुसरीकडे पाहिली नाही. धूर न देता, उघड्या हातांनी चौकट उचलावी. मधही भरपूर. गावात माझी जी काही पत होती ती या एका पेटीवर. पाहुणे आले की मी त्यांना प्रमाणपत्र दाखवायचो आणि मग ती पेटी.

१९७९ च्या पौषात एका सकाळी मी कुंपणाशी मेंदी छाटत होतो. पलीकडे अर्नाळ्याचं कुणी गिऱ्हाईक व्हॅलेरियनला विचारत होतं, तुमच्या राण्यांच्या माश्या इतक्या शांत कशा. व्हॅलेरियन म्हणाला, "राणी माझी, पन पोरांचा बाप त्या वाडीतला. दिवाकरभाऊंची पयली पेटी हाय ना, तिच्यातले नर. म्हनून तर लहान पेट्या मी या कडेला मांडतो. माझ्या पेट्यांतले नर मी कापून टाकतो, एकाच घरातली सोयरीक नको."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे इतकी वर्षं नाव त्याचं होत होतं आणि माल माझा होता. तो माझं नाव घेऊन, मोकळेपणाने, परक्या माणसाला हे सांगत होता, हे माझ्या कानांवर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात एवढंच शिरलं की माझे नर त्याच्या राण्यांसाठी फुकट उडताहेत.

त्याच संध्याकाळी मी सुरी घेतली. नरांची घरं ओळखायला सोपी, चौकटीच्या खालच्या कडेला, फुगीर टोपणांची. माझ्या सहाही मोठ्या पेट्यांतली ती सगळी कापली आणि कोंबड्यांना टाकली. दर आठवड्याला हेच. द्वारका ओटीवरून बघायची. "एवढं काय अडलंय?" तिने विचारलं. मी म्हणालो, शास्त्रात असंच सांगितलंय. नरांवर माझं इतकं लक्ष होतं की पहिल्या पेटीतली राणी म्हातारी झालीय आणि माश्या तिच्या जागी नवी वाढवताहेत, हे सांगणारं राणीघर मला दिसलंच नाही. चौकटीची खालची कड तेवढी मी बघत होतो.

माघात व्हॅलेरियनने अकरा पेट्यांत अकरा राणीघरं लावली. सकाळी दहा ते दुपारी चार तो त्या बाजूला फिरकायचा नाही आणि कुणाला फिरकू द्यायचा नाही, राणी बिचकेल म्हणून. मी माडीच्या खिडकीतून बघायचो. दोन आठवडे गेले, तीन गेले. एरवी या सुमाराला त्याच्या फाटकाशी सायकली लागायच्या. त्या वर्षी लोक यायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. त्याची बायको क्लेमेंटीन विहिरीवर द्वारकेला म्हणाली की अकरांतल्या दोनच राण्या नीट लागल्या, रानातले चार-दोन नर भेटले असतील तेवढ्यावर. बाकीच्या नऊंना नर भेटलाच नाही, आणि मीलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून नुसते नरच निपजतात. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो.

दुसऱ्या दिवशी पहिली पेटी उघडली. नवी राणी चौकटीवर फिरत होती, आणि चौकटभर कामकऱ्यांच्या लहान घरांतून फुगीर टोपणं वर आली होती. कामकरी माशीचं एक पिल्लू नाही, सगळे नर. माझ्याही राणीला नर भेटला नव्हता. जुन्या माश्या महिन्याभरात मरणार, नव्या येणार नाहीत, म्हणजे पेटी संपली. तिला वाचवायचं तर मीलन झालेली नवी राणी हवी होती आणि तशा राण्या आख्ख्या पंचक्रोशीत दोनच होत्या.

मी गेलो नाही. चार दिवस रोज कुंपणापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. पेटीतल्या माश्या रोज कमी दिसायच्या. पाचव्या दिवशी मी कचेरीतून आलो तेव्हा ती घरात नव्हती. थोड्या वेळाने फाटकातून परत आली, आणि तिच्या मागे व्हॅलेरियन, बगलेत निळी पेटी.

"वयनींनी सांगितलं," तो म्हणाला. "चला, उजेड हाय तोवर करू."

"तुझ्याकडे दोनच आहेत," मी म्हणालो.

"एक कळंबला दिली, जुनं गिऱ्हाईक. ही तुमाला. तुमची पेटी गेली तर फुडल्या वर्षी मी नर कुठून आनू?" त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की उपकार म्हणायलाही मला जागा उरली नाही. त्या दोनांतली एकही राणी त्याने स्वतःकडे ठेवली नव्हती.

आम्ही पहिल्या पेटीशी गेलो. त्याने वाकून चौकटी एकेक करून पाहिल्या, माझी ती निकामी राणी शोधली, चिमटीत धरली आणि बाजूला नेऊन संपवली. मग निळ्या पेटीतली राणी पिंजऱ्यात घेतली. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेचा गोळा दाबला, माश्या तो दोन दिवसांत खातील आणि तोवर तिच्या वासाची त्यांना सवय होईल म्हणून. त्याची बोटं जाड होती, नखांत चीक, पण एकही माशी चिरडली नाही. माझ्या हातात पेटीचं झाकण होतं. प्रमाणपत्रवाला मी झाकण धरून उभा होतो.

त्याने पिंजरा दोन चौकटींच्या मधे अडकवला. मला राहवेना. "व्हॅलेरियन," मी म्हणालो, "नर मीच कापले. तुझ्या राण्यांना मिळू नयेत म्हणून."

"म्हाइत हाय," तो चौकट सारखी करत म्हणाला. "तुमच्या कोंबड्या कुंपनाशी नरांची पोळी खात होत्या, ते मी माघ लागताना बघलं. पन राणीघरं तयार झाली होती, ती कशी थांबवनार? झाकन द्या."

मी झाकण दिलं. त्याने ते बसवलं, वर दगड ठेवला, रिकामी निळी पेटी बगलेत मारली आणि चहाला न थांबता, मुलीला चर्चमधल्या कॅटेकिझमच्या वर्गातून आणायचंय म्हणून, लगबगीने निघून गेला. पेटी जगली. पण त्याला सगळं ठाऊक असूनही तो आला, हे मला कधीच जमलं नसतं, आणि त्या संध्याकाळी मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याच्या राण्यांचा कधी वाटला नव्हता.